भरत आलेली गादी

२ मे

आज सकाळी प्रिंटरने मला धमकी दिली. दोन नारिंगी दिवे, एक विझला की दुसरा पेटतो, आणि पडद्यावर रशियनमध्ये एक वाक्य: शाई शोषणाऱ्या गादीचे आयुष्य संपत आले आहे. कुठली गादी, कसली शाई ती शोषते, मला काही ठाऊक नाही. 'आयुष्य संपत आले आहे' एवढं वाचलं आणि दोन पावलं मागे सरले. मी जन्माची भित्री. बत्तीस वर्षं पोरांना भूकंप आणि ज्वालामुखी शिकवतेय, पण घरात साधा दिवा लुकलुकला तरी आधी भिंतीला टेकते.

आणि या खेपेला भ्यायला कारण आहे. चोवीस तारखेला शाळेत तपासणी समिती येणार. तीन वर्षांचे अहवाल, रंगीत आलेख, सगळ्याच्या तीन तीन प्रती हव्यात. शाळेचा प्रिंटर हिवाळ्यात बंद पडला तो पडलाच. गावात घरी रंगीत प्रिंटर माझ्या एकटीकडे, म्हणून मुख्याध्यापकांनी सगळं माझ्या गळ्यात घातलं. वर हेही ऐकवलं की कागद झाले नाहीत तर सप्टेंबरपासून भूगोल दुसरं कुणीतरी शिकवेल. माझ्या पेन्शनला एक वर्ष उरलंय.

यांना सांगितलं. (यांचं नाव मी वहीतसुद्धा लिहीत नाही. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच दिवशी जीभ बांधली, ती बांधलीच.) हे चुलीशी बसून बूट चढवत होते. बूट काही चढेना. म्हणाले, "म्हातारे, तीस वर्षं ट्रक चालवला मी. तेलाचा लाल दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावायचो आणि खिंड ओलांडायचो." मग बूट तसाच टाकून रबरी जोड्यांत पाय घातले आणि मेंढ्यांकडे गेले. कसलीच भीती म्हणून नाही या माणसाला.

३ मे

बटण दाबलं की धमकी जाते आणि कागद निघतो. पण पाच कागदांनी परत तेच. रोज सकाळी मी प्रिंटरचं शाई फवारणारं डोकं साफ करते, म्हणजे तशी आज्ञा देते आणि तो आत कुरकुरत बसतो. आज दोनदा केलं. वाटलं, नीट धुतलं तर रागवायचा नाही.

यांना खोकला झालाय. प्रिंटर आतल्या खोलीत पेटीवर आहे आणि हे तिथेच झोपतात, कारण चूल तिथे. शाईचा वास बाधला असेल का?

६ मे

प्रिंटर शालीत गुंडाळून बाजारात नेला. हे सोडायला येतील असं वाटलं होतं, पण म्हणाले गाडीत बसलं की डोळ्यांवर झापड येते. मग भाड्याच्या गाडीत तो मांडीवर घेऊन गेले. बारा किलोमीटर मांडी हलवली नाही.

जापार पूर्वी आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. आता बाजारात पत्र्याच्या डब्यात बसून फोन आणि प्रिंटर दुरुस्त करतो, आणि पूर्वीपेक्षा जाड झालाय. त्याने मागचं झाकण काढलं आणि आतली गादी चिमट्याने उचलून दाखवली. हाताएवढी पट्टी, काळी-निळी, थबथबलेली. म्हणाला, प्रिंटर डोकं धुतो ते घाण पाणी जाणार कुठे? बाहेर तर वाट नाही. सगळं यात मुरतं. किती वेळा धुतलं त्याचा आकडा मशीन आत ठेवतं आणि आकडा भरला की ओरडतं. मग त्याने विचारलं, किती दिवसांनी साफ करता? मी म्हटलं, रोज, न चुकता, पाच वर्षं.

जापारने चिमटा खाली ठेवला. "एजे, तुम्ही त्याला काळजीनेच मारलंत." मला सगळा बाजार एजे म्हणतो, म्हणजे ताई. पण इतक्या हताश आवाजात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

नवी गादी राजधानीतून यायला दोन आठवडे. तोवर त्याने संगणक जोडून आकडा शून्यावर आणला. दिवे गेले. मी इतकी हरखले की त्याला खिशातला मूठभर कुरुत काढून दिला, माझ्या हातचा, चांगला खारवून वाळवलेल्या दह्याचा. तो म्हणाला, "हरखू नका. मी आकडा शून्य केला, गादी शून्य नाही केली. ती धुवून वाळवा, नाहीतर शाई पिणारं दुसरं काहीतरी तिथे घाला. आणि रोज अंगठ्याने दाबून बघा. दाबलेला खळगा लगेच भरून आला तर ठीक. तसाच राहिला तर समजा भरली."

९ मे

सुट्टी. पाऊस. हे दिवसभर उशांना टेकून बसून. जेवले नाहीत. मी दुधाचा चहा मीठ घालून दोन वाट्या पाजला आणि कुरुत पाण्यात कोळून दिला. अंगात ताकद यायला हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेंढ्या वरच्या कुरणात न्यायच्यात.

१० मे

गादी धुतली. एक तास पाणी निळं, मग जांभळं, मग पुन्हा निळं. ते पाणी अंगणाबाहेरच्या पाटात गेलं आणि शेजारच्या बातमाची पांढरी बकरी निळी हनुवटी घेऊन घरी गेली. बातमा दुधाची गाडी चालवते, अंगाने आणि आवाजाने माझ्या दुप्पट. मी दाराला कडी लावून बसले. तिने बाहेरूनच विचारलं की बकरीला शाळेत घातलंय का.

धुताना गादीचे तुकडे पडले. मी रडायच्या बेतात होते. यांनी एक तुकडा हातात घेऊन चुरगाळला आणि म्हणाले, हा तर नमदा आहे. खरंच होतं. लोकर कुटून थापतो तसाच, फक्त कसल्यातरी नकली धाग्याचा. आमच्या घरात जमिनीवर नमदा, भिंतीवर नमदा. गेल्या शरदात बायकांबरोबर मी स्वतः लाटलेला पांढराशुभ्र नवा नमदा पेटीत होता. त्याची किनार कापून बरोब्बर त्या मापाची पट्टी बसवली. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एखादं यंत्र दुरुस्त केलं. यांनाही कौतुक वाटलं असावं, पण खोकल्यामुळे बोलता आलं नाही.

१२ मे

सत्यानाश.

एकशेचाळीस पानं झाली होती. पहिली अख्खी प्रत. जागा नाही म्हणून पेटीवरच प्रिंटरच्या बाजूला रचून ठेवली. हात लावला तर खालून ओली. प्रिंटरच्या बुडातून शाई वाहतेय, पेटीवरून ओघळतेय, आणि तीन वर्षांचा अहवाल ती पितोय. मी किंकाळी फोडली. हे बाहेरून धावत आले, म्हणजे चालतच आले, पण त्यांच्या मानाने धावत. प्रिंटर उचलायला गेले आणि अर्ध्यातच खाली बसले. कोंबडीच्या वजनाचं ते मशीन. बराच वेळ श्वासच घेत राहिले. ओठांना निळी शाई लागली होती. मी ओल्या फडक्याने पुसली, निघाली नाही. हातांची आठवडाभर निघत नाही, ओठांची काय निघणार.

दम आल्यावर यांनी माझी पट्टी आतून ओढून काढली. वरून ओली आणि आत कोरडी पांढरी. शाईचा थेंब त्यावर मण्यासारखा उभा होता.

"कुरणातल्या आपल्या तंबूवर पाऊस पडतो," हे म्हणाले, "आत कधी ठिबकलंय?"

मी कपाळावर हात मारला. लोकरीत मेंढीचं तेल असतं. तंबूचा नमदा पाऊस झाडतो तो त्याच्याच जोरावर, म्हणून तर आम्ही ते जपतो, गरम पाणी लावत नाही. पावसाला हाकलायला बनवलेली वस्तू शाई पिणार कशी? लहानपणापासून नमदा लाटणाऱ्या बाईला एवढं कळू नये! पण बारा दिवस उरलेत आणि एक प्रत गेली. मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, सगळं छान चाललंय.

१४ मे

पट्टी सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळली. पहिल्या पाण्यावर बोटभर तेल तरंगलं. मी शाळेत होते तेव्हा यांनी बसल्या बसल्या कढई ढवळली. परत आले तेव्हा डाव हातात आणि डोळे मिटलेले. उठवलं तर म्हणाले, जागाच आहे. संध्याकाळी वाळल्यावर थेंब टाकून पाहिला. पडला आणि गेला. नमद्याने तो प्यायलेला बघून मला इतकं बरं वाटलं की मी यांचा हात धरला. हात गार होता आणि अंगठी बोटात रुतलेली. काढून ठेवा म्हटलं, निघेना.

१८ मे

दोन प्रती झाल्या. रोज सकाळी मागचं झाकण काढून पट्टी दाबते. खळगा पडतो, मी 'एक' म्हणायच्या आत भरून येतो. साफसफाई बंद केलीय. हात शिवशिवतात पण बंद.

मन मात्र थाऱ्यावर नाही. हे आता आडवे होतच नाहीत. पहाटे उठले तर रजयांच्या थप्पीला टेकून बसूनच झोपलेले, तोंड उघडं. ड्रायव्हरची जुनी सवय म्हणतात. मला वाटतं शाईचंच. ती बारा तारखेची शाई पेटीत मुरलीय आणि तिचा वास यांच्या छातीत जातो. मीच घरात विष आणून ठेवलं. खिडक्या उघड्या टाकते तर यांना थंडी वाजते, बंद करते तर खोकला. मुख्याध्यापकांना सांगून टाकू का की नाही जमत? धीर होत नाही. पेन्शन, आणि वर सगळ्या शिक्षकांसमोर ते जे बोलतील ते.

दवाखान्यात जाऊ म्हटलं. हे म्हणाले, "तुझं ते समितीचं उरकू दे. मग तिथून सरळ कुरणात. डोंगरावर गेलो की खोकला पळतो." पाय पिंपासारखे दिसतात. वर्षभर बसून जाड झालेत. जेवण मात्र चिमणीचं. कुरुताचं पाणी तेवढं आवडीने पितात, म्हणून तीन वेळा देते.

२१ मे

तिसरी प्रत निम्मी. पट्टीला एक, दोन लागतात.

२३ मे

झालं. चारशेवीस पानं, तीन फायली, एक डाग नाही. पट्टीला आज पाच मोजावे लागले. जापारकडे नवी गादी आलीय असा निरोप आहे, उद्या समिती आटोपली की आणीन. यांनी फायली हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, कोकरू आहे. हसले आणि हसताना दम लागला.

उद्या नऊ वाजता. नवा रुमाल इस्त्री केलाय.

२४ मे, दवाखाना

शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकामागे लिहितेय. वही घरी राहिली.

सकाळी सातला तयार होते. निघण्याआधी, सवयीने, झाकण काढून पट्टी दाबली. खळगा पडला आणि पडूनच राहिला. मी दहापर्यंत मोजलं. भरून आलाच नाही, तळाशी थोडी शाई साचली तेवढी. भरली, म्हटलं. आमचं काम तरी झालं.

तेवढ्यात यांनी हाक मारली. मोजा काढून दे म्हणाले, वाकवत नाही. तीस वर्षांत या माणसाने मला कधी मोजा काढायला सांगितला नव्हता. मी खाली बसले आणि मोजा ओढला. मोज्याच्या काठाने पोटरीवर खोल वळ पाडला होता, दोरी बांधल्यासारखा. कातडी ताणलेली, चकचकीत. आणि मी, का कुणास ठाऊक, तोच अंगठा, निळा झालेला, नडगीवर ठेवून दाबला.

खळगा पडला.

मी मोजायला लागले. एक, दोन. पाच. दहा. वीसपर्यंत मोजलं. निळ्या ठशासकट तो तसाच होता.

मी आजवर खूप भ्यायलेय, सगळं त्या वहीत आहे. पण ती भीती आणि ही भीती एका जातीची नाही. त्या भीतीत मी भिंतीला टेकायचे. या वेळी मी उठले, अनवाणी अंगण ओलांडलं आणि बातमाच्या दारावर दोन्ही हातांनी मारत सुटले. ती बकरीबद्दल काहीतरी बोलणार होती, माझं तोंड पाहिलं आणि किल्ली घेतली. दुधाचे कॅन उतरवायलाही थांबली नाही.

हे वाटेत म्हणाले, "समिती?" मी म्हटलं, गप्प बसा. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

दवाखान्याच्या खिडकीत बाईने नाव विचारलं. मी म्हटलं, माझे पती. तिने नाव विचारलं. मी म्हटलं, आमचे हे, ड्रायव्हर होते, सगळे ओळखतात. ती पेन धरून बसली होती आणि मागे बाकावर यांचा श्वास कढई उकळल्यासारखा ऐकू येत होता.

"साग्यनबाय," मी म्हटलं. "साग्यनबाय. साग्यनबाय."

तिने एकदाच लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि थकलेली. तिने दोन्ही पाय दाबले, छाती ऐकली, ओठ पाहिले. मी म्हटलं, शाई आहे, निघत नाही. ती म्हणाली, ही शाई नाही. मग नडगीवरचा माझा ठसा पाहिला.

"हा कुणी केला?"

"मी."

"आणखी आधी कुणी दाबून पाहिलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. ओरडून नाही, साधंच. हृदय दमलंय, पाणी ढकलत नाही, बाहेर वाट मिळाली नाही म्हणून ते पायांत मुरलं, आता फुप्फुसांत चढतंय. किती दिवस आडवे झोपत नाहीत? बूट कधीपासून जात नाहीत? मला प्रत्येकाची तारीख सांगता आली. सगळं लिहिलेलं होतं. शेवटी तिने विचारलं, खाण्यात मीठ किती?

मी कुरुताचं सांगितलं. दिवसातून तीनदा, ताकदीसाठी. तिने पेन खाली ठेवलं, जापारने चिमटा ठेवला होता तसं.

साडेनवाला मुख्याध्यापकांचा फोन. समिती दारात आहे आणि तुम्ही कुठे आहात, वगैरे. मी म्हटलं, फायली जेवणाच्या टेबलावर आहेत, घराची किल्ली रबरी जोड्यात, स्वतः जाऊन घ्या. ते सप्टेंबरचं काहीतरी म्हणत होते. मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी या आवाजाला भीत होते आणि आज तो मला नीट ऐकूसुद्धा आला नाही.

आत सुई लावलीय. दार बंद आहे. मला भीती वाटतेय, भीती वाटतेय, भीती वाटतेय.

२६ मे

दोन दिवसांत यांच्या अंगातून सात लिटर पाणी गेलं. बातमा ते कॅनच्या हिशोबात सांगते सगळ्यांना. ओठ माणसाच्या रंगाचे झालेत. काल चार उशा होत्या, आज तीन. डॉक्टरीणबाई म्हणते, वाचले, पण बरे झाले असं नाही, ते हृदय आता एवढंच. कुरण नाही, उंची नाही, मीठ नाही. यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. वरच्या कुरणाशिवाय यांचा एकही उन्हाळा गेलेला नाही. मी पाठीवर हात ठेवून बसले.

कुरुतही मीच खायला घातला आणि प्रिंटरलाही मीच धुवून मारला. हे माझ्या डोक्यातून जात नाही. जाऊ नयेच.

४ जून

घरी. मेंढ्या काल गेल्या, बातमाच्या कळपाबरोबर. हे फाटकापर्यंत आले, टेकून उभे राहिले आणि धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिले. परत येताना दोनदा थांबले.

जापारने नवी गादी घरी येऊन बसवली. माझी पट्टी फेकू का म्हणाला, मी ठेवून घेतली. शाळेत फायली पोहोचल्या होत्या. शेवटच्या पानावर एक निळा अंगठा होता म्हणे, समितीने तो सहीच्या जागी चालवून घेतला. सप्टेंबरचं मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पेटी बाहेर काढली, यांचं अंथरूण चुलीकडे ओढलं. सकाळी मी मोजा काढते आणि अंगठ्याने नडगी दाबते. परवा चौदा होते, काल अकरा. हे आता माझ्या तोंडाकडे बघत बसतात, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे.

"काय म्हणते गादी?"

"नऊ."

"कमी की जास्त?"

"कमी."

"मग चहा कर. मीठ घाल चिमूटभर."

बिनमिठाचा चहा केला. यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि माझ्याकडे बघत सगळा संपवला.